बेलची उरलेली वायर

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून आमच्या घरात काही लपत नाही, माझा फरसाणचा डबासुद्धा.

आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात एक उभं कपाट आहे. कालपर्यंत वर चादर, चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. खरं तर तो व्हिडिओ गेम आहे — पूर्वी पार्लरमध्ये असायचे तसा, दांडी आणि बटणांचा. माझ्या मुलीने, मुक्ताने, दहावीच्या सुट्टीत बनवलेला. मी मदत केली. म्हणजे काय केलं? प्लायवूड धरलं आणि वायर निवडली.

वायरीवरून आमचं वाजलंच. ती म्हणाली, "बाबा, बटणांची फळी सारखी उघडायला लागणार. बारीक तारांची मऊ वायर आणू या." मी म्हणालो, "घरात वायर असताना विकत? तांबं ते तांबं!" दारावरच्या बेलसाठी आणलेल्या वायरचं भेंडोळं माळ्यावर पडलेलं होतं. आत एकच कडक तार. बेल काय, भिंतीला चिकटून बसते. तिची वायर कधी वाकत नाही. हे मला कळलं नव्हतं? की मुलीकडून कळून घ्यायचं नव्हतं?

सोल्डरिंग मात्र सगळं मुक्ताचं. जीभ दातात धरून एकेक जोड करायची.

गौरीच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले. मुक्ता जो येईल त्याला फळी उघडून आतलं दाखवत होती — उघड, मीट, उघड, मीट. शेवटी खेळायला बसली, तर दांडी मेलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता घरच्या कर्त्याने काहीतरी बोलायला नको? मी बोललो. "सोल्डरिंग कच्चं राहिलं असणार. हिला घाई फार."

कुणीतरी हसलं. मुक्ता नाही हसली.

पाहुणे गेल्यावर मी फळी उघडली. जोड ओढून बघितले — पक्के. वायर वळणावर तुटली होती, आतल्या आत. वरचं प्लास्टिक शाबूत. तेवढा तुकडा मी कापून घेतला आणि... गप्प बसलो. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच कपाटावर चादर टाकली, आणि मला — खरं सांगतो — हायसं वाटलं.

आता ती खराडीत नोकरी करते, तिकडेच राहते. घरी आली आणि एखादा प्लग ढिला दिसला, की म्हणते, "मला नको सांगूस, माझ्या हाताला ते नाही." हसत म्हणते. आणि मी? मी वर तिची समजूत घालतो, "असतं गं एकेकाचं!" असा मी.

परवा तिचा फोन आला. "बाबा, तो खोका चालू करू या ना. पण जोड तू करायचे हं."

काल जाऊन मऊ वायर आणली. चादर काढली, फळी उघडली. धुळीखाली तिचे जोड अजून जागच्या जागी आहेत — एकही हलत नाही. आमच्या घरात काही टाकून द्यायची पद्धत नाही, त्यामुळे तो तुटका तुकडाही बिस्किटांच्या डब्यात सापडला. आज ती येणार आहे. टेबलावर नवी वायर आहे, सोल्डरिंगचं सामान आहे, आणि मधोमध तो तुकडा. बायकोने विचारलं, "अहो, हा कचरा कशाला?" म्हटलं, राहू दे.

तुकडा हातात घेऊन मुक्ता जरा वाकवेल, तर तिचं तिलाच कळेल. पण तिला कळायच्या आत मला बोलायचंय. वाक्य ठरवलंय, सकाळपासून घोकतोय — जोड पक्के होते, मुक्ता. वायर माझी होती, आणि मला तेव्हापासून माहीत होतं.

बेल वाजली.