जस्ताची पाठराखीण

मी आयुष्यात दीड महिना नेमानं जस्त खाल्लं आणि त्यातलं रतीभरही अंगी लागलं नाही. यात जस्ताचा काही दोष नव्हता.

संस्थानं विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचे दादा, म्हणजे वडील, देवासला सरकारी मुदपाकखान्यात आचारी होते. (देवासला गाद्या दोन, म्हणून सरकारंही दोन, आणि दोघांनाही वेळेवर भूक लागायची.) ती चूल विझली तसे दादा लग्नकार्यं घेऊ लागले. माघात धारला एक मोठं लग्न ठरलं होतं, तीनशे पानांचं. मी वीस वर्षांचा होतो. दादा म्हणाले होते, "सदू, धारची आमटी तुझी. जमली तर पुढं झारा तुझ्या हाती. नाही जमली तर तिरला गावच्या तुझ्या चुलतभावाला बोलावतो." मला तो झारा हवा होता. मी दुसरं काही मागतच नव्हतो देवाकडे.

आणि नेमका त्या कार्तिकात मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप गेला आणि जाताना माझी चव घेऊन गेला. पुरणपोळी खाल्ली तर ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटे. मिरची नुसतीच पोळायची. आचाऱ्याच्या पोराला चव नाही, हे सांगायचं कुणाला? दादांना तर मुळीच नाही.

गंमत अशी की स्वप्नात मला सगळी चव यायची. दुपारी माडीवर पडलो की डोळा लागायचा, दूर टेकडीवरची घंटा ऐकू यायची, आणि मग मी बासुंदी खायचो. वेलची, केशर, खरपुडीचा तो किंचित करपट वास! जाग आली की जीभ पुन्हा कोरडी ठाक. मग मी जास्त झोपू लागलो. आई म्हणायची, "अशक्तपणा आहे, झोपू द्या." मी आपला वाटीवर वाटी रिचवत पडलेला.

शेवटी आईला खरं सांगितलं. ती मला वैद्यबुवांकडे घेऊन गेली. त्यांनी जीभ पाहिली, नखं पाहिली, केसांची एक बट ओढली. (ती हातातच आली.)

"तापानं अंगातलं जस्त खाल्लंय," ते म्हणाले. "यशदभस्म देतो. सकाळी अनशापोटी, गुंजभर, मधातून. आणि पुढं प्रहरभर दूध नाही, साय नाही, चहा नाही, कोंड्याची भाकर नाही."

"का पण?" आईनं विचारलं.

"अहो, जस्त म्हणजे नवी नवरी. एकटी सासरच्या घरात शिरत नाही, दारातच अडते. तिला पाठराखीण लागते. मध ही पाठराखीण, हात धरून आत नेते. आणि दूध म्हणजे वाटेत भेटलेली मावशी. तिनं हिला गप्पांत धरून ठेवलं की नवरी घराबाहेरच राहिली म्हणून समजा. पोटात जाणं वेगळं आणि अंगात जाणं वेगळं."

मला ते फार आवडलं. परतताना मी वाटभर त्या नवरीचा विचार करत होतो. शालू करडा, जस्ताच्या रंगाचा.

दुसऱ्या दिवसापासून आई रोज पहाटे वाटीत चाटण कालवून माझ्या हातावर द्यायची. मी डोळे मिटून चाटायचो. काही लागायचं नाही, पण धीर धरला होता. एक महिना झाला. दीड महिना झाला. धारला निघायच्या दिवशी पहाटे मला स्वप्नात बासुंदी मिळाली, आणि जाग आल्यावरही तिची गोडी जिभेवर रेंगाळतेय असं वाटलं. मी आनंदानं ओरडलोच, "आई, चव आली!"

आईनं देवाला साखर ठेवली. मीही चिमूटभर खाल्ली. काहीच लागलं नाही, पण म्हटलं, प्रसादाची साखर कमी गोड असेल.

आता आमचा एक रिवाज सांगतो. नैवेद्य दाखवेपर्यंत आमच्याकडे कुणी काही चाखत नाही. मीठमसाला सगळा हाताच्या अंदाजानं. नैवेद्य झाला की मुख्य आचाऱ्यानं पळीभर तोंडात घ्यायचं, कमी असेल ते घालायचं, मगच पंगत बसते.

धारला नैवेद्य झाला. दादा पुऱ्यांच्या कढईपाशी होते. त्यांनी नुसती मान हलवली. मी पळीभर आमटी तोंडात घेतली. गरम होती, एवढंच कळलं. डोळे मिटून स्वप्नातली आमटी आठवली. ती फार सुरेख होती. तिच्या मानानं ही अळणी. घातलं मूठभर मीठ. पुन्हा चाखलं. अजून अळणी. आणखी एक मूठ. तिसऱ्या मुठीला दादा उठून आले.

त्यांनी चाखलं. डोळ्यांत पाणी आलं, पण लग्नघर होतं, आवाज चढला नाही.

"किती घातलंस?"

"तीन मुठी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

पुरीसाठी मळलेल्या कणकेचे गोळे आमटीत सोडले. ते खारट झाले, आमटी तशीच. मग पाणी घातलं. पाण्यानं पातळ झाली म्हणून डाळ शिजवून घातली. डाळीनं मसाला हरवला म्हणून मसाला. पातेलं भरलं, मग दुसरं, मग हंडे, मग शेजारच्या चार घरचे हंडे, शेवटी वरपक्षाला अंघोळीसाठी आणलेलं घंगाळ. तीनशे पानांच्या आमटीची हजार पानांची झाली. पंगत तासभर उशिरा बसली, आणि मुलीकडचे काका तिसऱ्यांदा वाढायला आलेल्या माणसाला म्हणाले, "भिया, आमटी बढिया है, पण हिला अंत आहे का नाही?" दुसऱ्या दिवशी वरात निघाली, तेव्हाही अख्खी आळी आमटीच खात होती.

घरी आल्यावर दादांनी मला समोर बसवलं. मी रडत सगळं सांगितलं. ते आईकडे वळले. "मध दिला होतास ना?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मध देवघरातला. पंचामृताचा. त्याला कसा हात लावायचा? म्हणून साय नि काकवी घातली. मेलं जस्त उष्ण, पोरगं आजारातून उठलेलं... साय काय कमी पौष्टिक असते?"

म्हणजे दीड महिना आमची नवरी मावशीशी गप्पा मारत दारातच उभी होती. आणि मध की साय हे ओळखायला जी जीभ लागते, तीच माझ्याकडे नव्हती. मला आईचा राग आला, आणि तिचा चेहरा पाहून दुसऱ्या क्षणी गेलाही.

दादा बाजारातून मधाची बाटली घेऊन आले. पुढचे दोन महिने चाटण त्यांनी स्वतः कालवलं. चव हळूहळू आली. आधी लिंबाची, मग मिठाची, मग एका सकाळी चहातलं आलं कळलं आणि मी तिथंच बसून राहिलो. जागेपणी चव लागत होती!

त्या दिवशी मी हट्टानं आमटी केली. पूर्वी करायचो तशीच, अगदी त्याच हातानं. देवाला दाखवली. दादांना वाढली, स्वतः घेतली. एक घास खाल्ला आणि थांबलो.

"कशी झालीय?" दादांनी विचारलं.

"वाईट," मी म्हणालो.

दादांचा चेहरा उजळला. "मग जीभ आली खरी!"

"पण दादा, ही मी आजाराआधी करायचो तशीच केलीय."

"हो," दादा म्हणाले, "अगदी तशीच झालीय." आणि उरलेला भात त्यांनी ताक घालून संपवला.

जूनमध्ये मी शाळेत भूगोल शिकवायला लागलो.