विहिरीचं घर

कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास आला की मला सोलापुरातली विणकरांची एक गल्ली आठवते. कारकुनीच्या नव्या जागेवर रुजू होताना बायकोला घेऊन मी तिथं घर बघायला गेलो होतो. रस्ताभर सुताचे ताणे पसरून त्यांना खळ लावणं चाललं होतं. बायकोला सातवा महिना होता. अंगणातली विहीर पाहून तिला ते घर फार आवडलं. तेलुगू घरमालकीण तिला म्हणाली, "ऱ्हावा की अम्मा हितंच, पानी मी काढून देते." कचेरीत आमचे हेडक्लार्क हे ऐकून हसले. "अहो, तिथं राहिलात तर तुमच्याकडं हळदीकुंकवाला कुत्रं तरी येईल का?" मलाही तो विनोद वाटला, आणि मी त्यांच्या सभ्य पेठेत खोली घेतली. तिथल्या सभ्य बायकांनी पहिल्याच दिवशी आमची पोटजात विचारली, नाकं मुरडली आणि आपल्या सोवळ्या आडाला बायकोचा हात लागू दिला नाही. मग ती पोट सांभाळत, भर उन्हात, घागर घेऊन त्या विणकरणीकडं जायची. विणकरांनीच आम्हाला जागा नाकारली, असं मी पुढं जन्मभर मुलांना सांगत आलो. ते खोटं होतं, हे आता तिच्या माघारी लिहितो आहे. मी ते सांगायचो तेव्हा ती समोरच भाजी निवडत बसलेली असायची, आणि तिनं एकदाही वर पाहिलं नाही.