कंच्या कंपनीची टिकंल?

दुकानात येणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो आणि मला आता त्याचा वीट आलाय. पूर्वी मी समजावून सांगायचो. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन हार्डडिस्क घेतल्या तरी एक दहा वर्षं चालते आणि दुसरी पहिला उन्हाळा काढत नाही. आत तबकडी गरगर फिरते, तिच्यावर केसाहून कमी अंतर ठेवून एक काटा तरंगत असतो. एखादीची घडण मुळातच जरा डावी असते. बाकी सगळं ती किती तापली, तिला धक्के किती बसले यावर. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "ते ऱ्हाऊ द्या, कंपनी सांगा की." मग मी कंपनी सांगतो.

गडमुडशिंगीचे एक काका ब्लाउजवर मशीनचं भरतकाम करतात. त्याची नक्षी आधी कॉम्प्युटरवर काढावी लागते. त्यांची उभ्या आयुष्यातली नक्षी एका डिस्कवर होती, आणि अलीकडे त्यांचा हात थरथरायला लागला होता. पुन्हा काढायची म्हटलं तर जमणारी गोष्ट नव्हती. "दुसरी कॉपी करून ठेवा," हे टुमणं माझंच. वर्षभर मागं लागलो, तेव्हा कुठं त्यांनी डिस्क आणून दिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा आमच्या दुकानात वडिलांपासून आहे. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पाने, पकडी लोखंडी टेबलावर मांडायचे आणि त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडायचे. पान्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मीही तसाच फोडतो. काकांची डिस्क त्याच टेबलावर होती, कॉपी नुकतीच सुरू झाली होती. बंद कशाला करायची, म्हणून चालूच ठेवली, डिस्कला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि नारळ हाणला.

डिस्क टिकटिक करायला लागली. नंतर तेवढंही नाही.

आतली नक्षी काढून घ्यायला पुण्याला पाठवली, तिथूनही तशीच परत आली. काकांना म्हणालो, "कंपनीच बेकार निघाली." ते उलट माझीच समजूत घालत बसले. "तुमी काय करणार? मीच सस्तातली घेतलती." त्यानंतर कुणी कंपनीचं विचारलं की मला त्या टेबलाकडं बघवत नाही.

यंदा खंडेनवमीला काका आले. मी सांगितलेल्या कंपनीची महागाची डिस्क घेतली होती. उजवा हात डाव्या हातानं धरून वर्षभरात अकरा नक्षी काढल्या होत्या, त्या तिच्यात होत्या. माझी बायको पूजेचं ताट घेऊन उभी होती, नारळ माझ्या हातात होता. काकांनी डिस्क ताटात ठेवली, वर चिमूटभर कुंकू टाकलं.

"हिला पूजंत घ्या. मागल्या डिस्कला पूजा मिळाली न्हाय, म्हणून दगा दिला तिनं."

"मिळाली होती, काका," मी म्हणालो. "चालू होती ती. नारळ मीच फोडला, ह्याच टेबलावर."

काकांनी टेबलाच्या कोपऱ्याकडं बघितलं. मग त्यांनी ताटातली डिस्क उचलली, थरथरत्या बोटांनी तिच्यावरचं कुंकू पुसलं आणि पिशवीत ठेवली.