इक्बालभाईंच्या संघातला सत्तावन्न किलोचा खेळाडू

इक्बालभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या माझ्या औषधाच्या दुकानात एका बाईंना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगत होतो. फोन शबानाभाभींचा, त्यांच्या पत्नीचा. "तुमचे भाई गेले," एवढंच त्या बोलल्या. मी त्या बाईंना सकाळची गोळी रात्रीची म्हणून सांगून बसलो, आणि चूक लक्षात आल्यावर रस्त्यावर धावत जाऊन त्यांना गाठलं. त्याला आता सहा आठवडे झाले. लातूरच्या क्लासच्या गल्लीत कॉम्प्युटरवर गेम खेळायला देणाऱ्या माणसावर पुरवणीत काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या माणसानं मला मरू दिलं नाही, एवढं कारण मला पुरेसं आहे.

मी चाकूरहून बारावीसाठी लातूरला आलो, तेव्हा त्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी होती. इक्बालभाईंच्या तळमजल्याच्या खोलीत पाच कॉम्प्युटर होते आणि पाचही कॉम्प्युटरवर फुटबॉल. तरुणपणी ते स्वतः बचावफळीत खेळायचे, गुडघा गेला तसा खेळ पडद्यावर आला. पण पडद्यावरच्या फुटबॉलवर त्यांचा एक कायमचा राग होता, खेळाडूंच्या वजनाचा. "सव्वासहा फुटाचा गोलकीपर अन् साठ किलो! वारं सुटलं तर बॉलच्या आधी हाच गोलात जाईल," असं ते तावातावानं म्हणायचे. गेममध्ये सतरा वर्षांचं पोरगं दहा हंगाम खेळून सत्तावीसचं व्हायचं, त्याच्या ताकदीचा आकडा वाढायचा, वजन मात्र तेच. "ताकद वाढली म्हणं. अंग वाढलंच न्हाई, तर ठेवली कुठं ह्यानं ताकद? खिशात?" मग ते बसून एकेक खेळाडू दुरुस्त करायचे. कोवळ्याला दर हंगामाला थोडं वजन चढवायचं, तिशी ओलांडलेल्याला जरा जास्त. बदल केला की लगेच खेळून बघायचं. जड खेळाडू खांद्याला खांदा भिडवून चेंडू काढून घेतो, पण वळताना मार खातो, हे जमलं की स्वारी खूश.

पुढं त्यांनी आम्हा पोरांचाच एक संघ गेममध्ये बसवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोल व्हायचा. त्यांच्या वडिलांच्या भुसार दुकानातला लोखंडी काटा कोपऱ्यात उभा होता, त्यावर एकेकानं चढायचं. काटा दाखवेल तेच वजन पडद्यावरच्या आपल्या खेळाडूला मिळायचं, वशिला चालायचा नाही. आणि एक कायदा होता. कुणाचं वजन तीन किलोंपेक्षा जास्त घटलं, तर इक्बालभाई त्याच्या घरी फोन करणार. आम्ही हसायचो. एकदा त्यांनी कारण सांगितलं. भूकंपानंतर ते किल्लारीच्या बाजूला मदतीला गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये लहान लेकरांना झोळीच्या काट्यावर घालून वजनं लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडं होतं. "लेकरं बोलत नव्हती रे. काय झालं विचारलं तर नुसती बघायची... कोण आतून खचून राहिलंय, ते काटाच सांगायचा. माणूस खोटं बोलतो, काटा न्हाई."

त्या काट्याला खोटं बोलायला लावणारा मी निघालो. दिवाळीनंतर मला सारखी तहान लागायला लागली. तांब्यावर तांबे पाणी प्यायचो, खानावळीत दुप्पट जेवायचो, आणि तरी पँट ढिली. डिसेंबरच्या तोलाला सत्तावन्नाचा पंचावन्न झालो. लगेचच्या सामन्यात माझा खेळाडू रेणापूरच्या एका पोराच्या धक्क्यानं तीनदा आडवा झाला आणि सगळे मला 'कागद' म्हणायला लागले. ते एक वेळ सोसलं असतं. पण घरी फोन गेला की अण्णा, माझे वडील, येऊन मला चाकूरला नेणार आणि परीक्षा बुडणार, या धास्तीनं माझी झोप उडाली. डॉक्टर व्हायचं होतं ना! जानेवारीत मी फिजिक्स-केमिस्ट्रीच्या नोट्सचे गठ्ठे पोटाला नाड्यानं बांधले, वर स्वेटर चढवला आणि काट्यावर उभा राहिलो. सत्तावन्न. इक्बालभाईंनी पाठ थोपटली आणि पडद्यावर माझा खेळाडू पुन्हा धष्टपुष्ट झाला. फेब्रुवारीत गठ्ठे आणखी वाढवावे लागले.

त्याच आठवड्यात ते स्कूटरवरून निघाले होते, मी मागं बसलो. चौकाच्या अलीकडंच त्यांनी गाडी थांबवली आणि मान वळवून माझ्याकडं बघत राहिले.

"तू बसला, अन् गाडीला कळलंच न्हाई."

त्यांनी गाडी वळवली, मला खोलीत नेऊन काट्यावर उभं केलं. "स्वेटर काढ." गठ्ठे नव्हतेच त्या दिवशी. काटा सेहेचाळीसवर थांबला. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच भीती वाटली. मी पाय धरले. "इक्बालभाई, घरी सांगू नका, परीक्षेला तीन आठवडे राहिलेत, पाया पडतो..." ते म्हणाले, "परीक्षा दर साली येती." तिथून थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघितली आणि बाकीचे पेशंट बाहेर थांबवले. आणखी दोन दिवस गेले असते तर बेशुद्धच आणावा लागला असता, असं त्यांनी नंतर अण्णांना सांगितलं. अण्णांना फोन अर्थात इक्बालभाईंनीच केला होता.

परीक्षा बुडाली. इन्शुलिनची सुई कायमची गळ्यात पडली. आणि मी, मूर्ख, वर्षभर त्या माणसाशी बोललो नाही! ते मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाकूरला फोन करायचे आणि अण्णांना माझं वजन विचारायचे. पुढच्या वर्षी बारावी झालो, मेडिकलला नंबर लागला नाही, फार्मसी केली. बारावीचा निकाल घेऊन त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चढ काट्यावर."

गेल्या पावसाळ्यात ते माझ्या दुकानात आले. नांदेडला लग्नाला आलो म्हणाले. शर्ट अंगावर लोंबत होता, गालाची हाडं वर आली होती. मी काउंटरमागून हसून म्हणालो, "वा भाई, छान बारीक झालात! या वयात जमवलंत बरं." त्यांनी लोंबणारा शर्ट सावरला. मग म्हणाले, "हाव, सकाळी फिरून राहिलो." चहा झाला, बी.पी.ची गोळी घेतली आणि गेले. दिवसाला शंभर आजारी माणसं बघतो मी. गोळी देण्याआधी शेवटची तपासणी कधी केली, एवढं तरी विचारायचं...

परवा लातूरला जाऊन आलो. भाभींनी सांगितलं, तेव्हा नांदेडला कुणाचं लग्न नव्हतं. पोटात गाठ निघाली होती, तिच्या तपासणीला आले होते. पोरांना त्रास नको म्हणून कुणालाच कळवायचं नव्हतं. मी विचारलं, दुकानातून घरी आल्यावर ते काही बोलले का. भाभींनी पदर चाळवत सांगितलं.

"म्हणाले, त्यानं वळखलं न्हाई. हसले बी. मंग जेवले न्हाईत त्या दिवशी."

आता दुकानात कुणी बारीक होऊन आलं की मी कौतुक करत नाही. काउंटरच्या बाहेर येतो, दाराशी एक वजनकाटा घेऊन ठेवलाय त्याच्याकडं बोट दाखवतो आणि म्हणतो, चढा. लोक हसतात, काही चिडतात. चढल्याशिवाय मी त्यांना जाऊ देत नाही.