दोघांची औषधं

रावपुऱ्यातल्या त्या घरात मी नवी सून होते आणि स्वतःला भारी शहाणी समजत होते. आमच्या संस्थानच्या महाराजांनी शाळा सक्तीची केली होती, त्यामुळे मराठीच काय, गुजरातीही मी फडाफडा वाचायची. सासूबाईंना संधिवात. सकाळी भिंत धरून उठायच्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. माझ्या यजमानांनी दवाखान्यातून मिक्श्चर आणलं होतं. बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी होती.

मला वाटे, ह्या लाल पाण्याने काय डोंबल होणार! म्हणून मी दुकानातून ॲस्पिरिनच्या गोळ्या आणल्या, पुडीवरचं नीट वाचून. "ते मिक्श्चर आता बंद करा," असं सासूबाईंना बजावलं. त्यांनी मान डोलावली. ह्यांना मी काही सांगितलं नाही. गुण आला की श्रेय मला हवं होतं, खोटं कशाला बोलू?

पंधरवड्यात त्यांच्या कानात गुणगुण सुरू झाली. मग हाक मारली तरी वळेनात. पुढे उलट्या आणि धाप लागली. हे घाबरून डॉक्टरांना घेऊन आले.

"दुसरं काही औषध चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाईंना ऐकू आलं नाही. "छे, तुमचं मिक्श्चरच," हे म्हणाले. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. मग मी आत जाऊन पुडी आणली.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. पाऊण रिकामी. "अहो, ही गोळी आणि हे मिक्श्चर सख्खी भावंडं, मूळ औषध एकच. दोन्ही एकदम घेतलं की विषच. आणखी दोन दिवस गेले असते तर बाई हाती लागल्या नसत्या." दोन्ही बंद झालं. हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

त्यांना पुन्हा ऐकू यायला लागल्यावर मी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "आई, मिक्श्चर बंद करा म्हटलं होतं ना मी?"

"तो रोज येऊन बाटलीवरची खूण बघायचा गं," त्या म्हणाल्या. "नसतं घेतलं तर त्याला वाईट वाटलं असतं. तुझी गोळी नसती घेतली तर तुला."

त्यांचं दुखणं कमी झालं का, हे मात्र आम्हा दोघांपैकी एकानेही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.