जावयाच्या सरड्याचं पाणी

निवृत्तीनंतर माझी एक पोस्टिंग जर्मनीत, झिंडेलफिंगेनला झाली. ऑर्डर मुलीची होती. "बाबा, आम्ही दोघं आठवडाभर ऑस्ट्रियाच्या डोंगरात चाललोय. तुम्ही आणि आई घरी आहातच, तर ओट्टोला सांभाळा." ओट्टो म्हणजे आमच्या जावयाने पाळलेला सरडा.

मी सातारा जिल्ह्यातला. नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. नोकरीत जवान सांभाळले, खेचरं सांभाळली, एका सी.ओ. साहेबांचा चावरा कुत्राही सांभाळला. सरडा कधी नाही. आमच्या गावात सरडा दिसला की पोरं दगड शोधतात. हा तर चांगला हातभर लांब, हिरवागार, डोक्यावर टोपीसारखी उंच शेंडी, आणि दोन डोळे दोन दिशांना. आमच्या मंडळींनी, म्हणजे मालतीने, पहिल्याच दिवशी त्याच्याकडे पाठ करून चहा घेतला.

तरी मी हो म्हणालो, ते प्रसादरावांमुळे. प्रसादराव म्हणजे जावई, इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. माणूस चांगला, पण तोंडाला कुलूप. लग्नाला चार वर्षं झाली तरी आमचं बोलणं प्रवास आणि हवापाणी याच्यापुढे सरकलं नव्हतं. वर्षाने, आमच्या मुलीने, मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, प्रसाद इथे एकटा होता ना, तेव्हापासूनचा आहे ओट्टो. रात्री घरी आल्यावर बोलायला तेवढाच होता. प्रसाद त्याला कुणाकडे ठेवायला तयारच नव्हता. मी म्हटलं, माझे बाबा फौजी आहेत." आता मुलीने असा शब्द टाकल्यावर मागे कसं फिरायचं?

निघायच्या आदल्या संध्याकाळी हँडिंग-टेकिंग झालं. प्रसादराव पिंजऱ्यापुढे उभे राहिले.

"बाबा, हा वाटीतलं पाणी पीत नाही. साठलेलं पाणी म्हणजे पाणी, हे त्याला कळतच नाही. पानावर थेंब पडला, हलला, चमकला, की चाटतो."

"म्हणजे दहिवरावर जगणारा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि मला वाटतं माझ्यासमोर पहिल्यांदा हसले.

पिंजऱ्याखाली पाण्याची टाकी होती. तिला पंप. पंप सकाळ-संध्याकाळ आपोआप सुरू होई आणि पानांवर बारीक धुकं सोडी. माझी ड्यूटी सोपी. किडे खायला घालायचे, टाकीवर नजर ठेवायची, रोज एक मेसेज करायचा. "अजून एक," ते जरा संकोचून म्हणाले, "विष्ठेबरोबर पांढरं पडतं, ते बघत जा. पांढरं असलं तर पाणी पुरतंय. नारिंगी झालं तर लगेच फोन करा."

संकोच कशाला? वाळवंटात असताना मी रोज सकाळी अख्ख्या कंपनीला हाच प्रश्न विचारायचो. लघवीचा रंग काय? फिकट असेल तर परेडला जा, गडद असेल तर माझ्यासमोर बसून बाटली संपव. नवी पोरं लाजायची. मग एकदा शिवी ऐकली की लाज जायची. सरड्याचं आणि सोल्जरचं शास्त्र एकच आहे म्हटल्यावर मला त्या प्राण्याबद्दल थोडी आपुलकी वाटायला लागली.

पुढचे दिवस शांततेत गेले. सकाळी किडे, मग टाकीची पाहणी, मग रिपोर्ट. कागदावर पहिल्या दिवशी पांढरं दिसलं, नंतर काही पडलंच नाही. "टाकी फुल. ऑल ओके." टाकी खरोखरच फुल असायची. एक रेषही खाली जात नव्हती. मी मालतीला कौतुकाने म्हणालो, "बघ जर्मन मशीन. पाणी काय काटकसरीनं वापरतंय!" त्यानंतर आम्ही दोघं फिरायला जायचो. ऑक्टोबर होता, मालतीला थंडी सोसत नव्हती, म्हणून घरातलं हायत्सुंग, म्हणजे हीटर, तिने पूर्ण सोडलं होतं. माझे ओठ फुटले, तिचे हात खरखरीत झाले. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

रविवारी सकाळी ओट्टो खालच्या फांदीवर बसला होता. दिवा चालू, लख्ख उजेड, आणि याचे डोळे मिटलेले. मी वाकून पाहिलं. एरवी बुरुजासारखे बाहेर येणारे ते डोळे आत गेले होते. खालच्या कागदावर पाहिलं तर गर्द नारिंगी.

माझी पाचावर धारण बसली. खोटं कशाला सांगू, समोरचा पेशंट हातभर सरडा असला तरी भीती तीच असते.

प्रसादरावांना फोन लावला, रेंज नाही. वर्षाला लावला, तिचीही नाही. फ्रिजवर प्राण्यांच्या डॉक्टरचा नंबर होता, तिथे रेकॉर्ड केलेली बाई जर्मनमध्ये काहीतरी सांगून गप्प झाली. रविवारी या देशात पान हलत नाही.

मी पिंजऱ्यात हात घालून पान चाचपलं. कोरडं. कुंडीतली माती कोरडी. आणि खाली टाकी काठोकाठ भरलेली! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अरे, पंप चालत असता तर टाकी भरलेली राहिली कशी असती? मी वायर धरत धरत टीव्हीच्या मागे गेलो. दिवा वेगळ्या प्लगवर, पण टीव्ही आणि पंप एकाच प्लगपट्टीवर. पट्टीचं बटण बंद.

"मालती, हे कुणी बंद केलं?"

"मी. पहिल्याच दिवशी, फिरायला निघताना. टीव्हीचा लाल दिवा जळत ठेवून कुणी घराबाहेर जातं का?"

"आणि आल्यावर लावलं नाहीस?"

"टीव्ही बघायचाय कुणाला? जर्मन कळतं का तुम्हाला?"

आमच्याकडे शेतावर जाताना सुद्धा मेन स्विच पाडूनच कडी लावतात. चाळीस वर्षांची सवय, विमानात बसली म्हणून सुटते थोडीच! शिवाय चार्ज तिच्याकडे नव्हता, माझ्याकडे होता.

तेवढ्यात फोन वाजला. प्रसादराव.

"बाबा? मिस्ड कॉल होता. आवाज येतोय?"

"येतोय. रिपोर्ट वाईट आहे. डोळे आत गेलेत. नारिंगी पडलंय. तुम्ही गेल्यापासून पंप बंद होता."

ते म्हणाले, "तोंडात पाणी घालू नका. ऐकताय ना? छातीत जाईल. फक्त..." फोन कटला. पुन्हा वाजला. "कोमट पाणी. पानांवर. बराच वेळ. आणि समोर उभे राहू नका, बाबा, तो कुणासमोर पीत..." पुन्हा कटला.

"रॉजर," मी बंद फोनला म्हणालो.

टाकी उपसून कोमट पाणी भरलं, बटण दाबलं. पंप गुरगुरला आणि धुकं सुटलं. पण मला मोठा थेंब हवा होता, थांबून थांबून पडणारा. मालतीला म्हणालो, सुई आण. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला एक भोक पाडलं, ती पिंजऱ्याच्या छतावर बांधली. झाकण ढिलं केलं की थेंब जलद, आवळलं की हळू. सलाइनचे असे थेंब मी आयुष्यभर लावले आहेत, तंबूत, ट्रकमध्ये, एकदा टॉर्च दातात धरून. थेंब बरोबर ओट्टोच्या नाकासमोरच्या पानावर पडायला लागला. मग आम्ही दोघांनी रिट्रीट केलं आणि पॅसेजमध्ये जमिनीवर बसलो. मालतीने पर्समधला आरसा काढून दाराच्या फटीशी धरला.

बराच वेळ काही नाही. नुसता थेंबाचा टप टप आवाज.

"अहो, मेला तर?"

"गप गं."

"ओटोबा, पी रे राजा," ती पुटपुटायला लागली. "जावयाला तोंड कसं दाखवू मी?" आठवडाभर त्याच्याकडे पाठ करून बसणारी बाई!

मग आरशात एक डोळा उघडला. तो डोळा गर्रकन थेंबाकडे वळला. मान हळूच पुढे आली. जबडा उघडला, मिटला. पुन्हा उघडला.

"पितोय! अहो, पितोय!"

"हळू!" मी म्हणालो, पण माझाच आवाज चिरकला. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. माझ्या डोळ्यांना धार लागली. सरड्यासाठी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तो एवढा वेळ पीत राहिला की मला बाटली दुसऱ्यांदा भरावी लागली. संध्याकाळपर्यंत डोळे वर आले. सोमवारी प्रसादरावांनी तिकडूनच डॉक्टर गाठून घरी पाठवली. तिने ओट्टोला उलटसुलट पाहिलं, माझ्या बाटलीकडे पाहिलं आणि अंगठा वर केला.

दोघं परतले तेव्हा प्रसादराव बूट न काढता थेट पिंजऱ्याकडे गेले. ओट्टो वरच्या फांदीवर, दोन दिशांना बघत. खालच्या कागदावर स्वच्छ पांढरं. ते खाली बसले आणि तोंडावरून हात फिरवला.

"बटण मी बंद केलं हो," मालती दारातूनच म्हणाली.

"आई, माझ्या आईने गेल्या वर्षी भरलेला फ्रिज बंद केला होता," ते म्हणाले आणि हसत सुटले. वर्षाही हसली. घर एकदम मोकळं झालं.

जेवण झाल्यावर आम्ही दोघंच टेबलाशी उरलो. ते म्हणाले, "बाबा, तोंडात पाणी घालू नका म्हणालो, तेव्हा वाटलं तुम्ही ऐकणार नाही. तहानलेल्याला पाणी पाजायलाच जातो ना आपण."

मी म्हणालो, "तो नियम मला माहीत आहे." आणि घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली.

वाळवंटातला एक्सरसाइज. वादळात गस्तीवरची एक पट्रोल वाट चुकली. दुपारी त्यांना शोधून आणलं. बाकीचे सावरले. लान्स नायक भिकाजी सावंत अर्धवट शुद्धीत होता. "पाणी, उस्ताद," एवढंच म्हणत होता. तशा माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं, छातीत जातं. सलाइन लावायला शीर मिळेना, सगळ्या बसलेल्या. शेवटी घोट्याजवळ मिळाली. तोवर मी ओल्या गॉजने त्याचे ओठ भिजवत होतो. हेलिकॉप्टर आलं. भिकाजी वाटेतच गेला. पार्थिव घेऊन त्याच्या गावी मीच गेलो. त्याच्या आईने कसा गेला, का गेला, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या लेकराच्या तोंडात पाणी कुणी घातलं?"

"मी म्हणालो, मी घातलं, आई. पण ओला गॉज म्हणजे पाणी घालणं होतं का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही."

प्रसादरावांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग इंजिनिअरने विचारावं तसं विचारलं, "बाबा, त्यांनी ओठ चाटले होते का?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी आठवलं. तंबू, तो गॉज, त्याचा चेहरा.

"चाटले होते," मी म्हणालो. "दर वेळी चाटायचा."

"मग ते पाणी प्यायले, बाबा."

लान्स नायक भिकाजी सावंत, वय तेवीस. तो तहानलेला गेला नाही.