चिकटपट्टीचं चोख काम

परदेशात आल्यावर पामर्स्टन नॉर्थमधल्या पहिल्याच हिवाळ्यात मी खिडक्यांच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, ओले कपडे घरातच वाळत घातले आणि कुबट वास आला की उदबत्ती लावली. लेकीचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा घराची हवा तपासायला एक बाई आल्या.

साठीच्या असाव्यात, तिथल्या रीतीने कुणालाही 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणणाऱ्या. बूट दाराबाहेर काढून त्या मोज्यांनीच घरभर फिरल्या. ओलावा मोजायचं यंत्र हातात होतं, पण प्रत्येक खोलीत आधी डोळे मिटून वास घेत. लेकीच्या खोलीतलं कपाट त्यांनी एकटीने पुढे ओढलं. मागची भिंत बुरशीने काळी झाली होती. माझी मान खाली गेली, पण त्या रागावल्या नाहीत. रंगाचा टवकाही न उडवता त्यांनी पट्ट्या सोलल्या आणि खिडकी उघडली.

"अहो, थंडी येईल!" मी म्हणालो.

"येऊ दे. कोरडं घर लवकर तापतं."

ते खरं निघालं. पंधरवड्यात लेक रात्रभर शांत झोपू लागली.

त्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, "इतक्या चोख पट्ट्या कुणी लावल्या?"

"मीच!" मी फुशारलो.

"तरीच पोरगी खोकतेय, मेट."